जिल्हा रुग्णालय, खोली नंबर १७ (मानसिक आरोग्य विभाग) – दीड वर्षाचा अनुभव, जरा सविस्तर

आधीच सांगते, जिल्ह्याचं नाव टाकत नाहीये. मराठवाड्यातला आहे एवढं पुरे. आमचा तालुका छोटा, नाव टाकलं की कोणाच्या घरचं आहे ते पाच मिनिटांत कळतं, आणि भावानं लिहायला हो म्हणलंय ते याच अटीवर. जे लिहिलंय ते त्याला वाचून दाखवलंय, दोन गोष्टी त्यानं काढायला लावल्या त्या काढल्या. पण तुम्ही कुठल्याही जिल्ह्यात राहत असाल तरी उपयोगी पडेल कारण जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून सुरू आहे आणि जिल्हा रुग्णालयात हा विभाग असतोच, फक्त आपण त्या बाजूला कधी बघत नाही. आम्हीपण कधी बघितलं नव्हतं.

माझा धाकटा भाऊ, वय २२. पोलीस भरतीची तयारी करत होता, पहाटे साडेचारला उठून ग्राउंडला जायचा. एक दिवस जायचं बंद केलं. मग खोलीत बसायला लागला, आंघोळ नाही, जेवण बाहेर ठेवलं तर खायचं नाहीतर नाही. मग म्हणायला लागला की शेजारचे माझ्याबद्दल बोलतात, मोबाईलमधून कोणीतरी ऐकतंय, टीव्हीवर चादर टाकून ठेवायचा. रात्री एकटाच कोणालातरी उत्तर दिल्यासारखं बोलायचा. मी पुण्याजवळ चाकणला असते, मला फोनवर आई सांगायची "अभ्यासाचं टेन्शन आहे", आणि गल्लीत विचारलं तर सांगायची "कावीळ झालीय, बाहेर निघायचं नाही सांगितलंय". कावीळ चालते हो लोकांना. कावीळ झालेल्या पोराच्या घरी माणसं डबा घेऊन येतात. आमच्याकडं सात महिन्यात कोणी डबा घेऊन आलं नाही कारण खरं कोणाला सांगितलंच नव्हतं, आणि ज्यांना कळलं होतं ते दारावरून मान खाली घालून जायचे.

या सात महिन्यात काय काय केलं ते लिहायला लाज वाटत नाही आता, कारण नंतर रांगेत बसल्यावर कळलं की तिथला जवळपास प्रत्येकजण याच रस्त्यानं आलाय. बाहेरचं आहे म्हणून देवऋषी झाला, तीन अमावस्या, उतारा, नारळ, लिंबं, अंगारा पाण्यातून द्यायचा. चाळीस हजार गेले, त्यातले पंधरा उसने. एका पाहुण्यानं सांगितलं लग्न लावून द्या, जबाबदारी पडली की ताळ्यावर येतो. दुसऱ्यानं एका ठिकाणाचं नाव सांगितलं जिथं अशा पोरांना साखळीनं बांधून ठेवतात, सेवा करायची आणि बरं होऊनच घरी यायचं म्हणे. अण्णा जवळजवळ तयार झाले होते. आईनं चुलीपुढं बसून सरळ सांगितलं, माझ्या पोराला साखळी लावायची असेल तर आधी मला लावा. मला तेव्हा माहीत नव्हतं की तमिळनाडूत एरवाडीला २००१ च्या ऑगस्टमध्ये अशाच एका ठिकाणी आग लागली आणि साखळीनं बांधलेले २८ जण पळता न आल्यामुळं जळून गेले. आणि मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये साखळीनं बांधायला कुठल्याही स्वरूपात बंदी आहे. हे सगळं नंतर वाचलं. आधी कोणी सांगितलं असतं तर घरातली ती चार दिवसांची भांडणं झाली नसती.

मग एका रात्री मी १४४१६ ला फोन लावला. टेली मानस म्हणून सरकारी हेल्पलाईन आहे, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली, फुकट आणि चोवीस तास. मराठीत बोलता आलं ही माझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट, कारण "त्याला आवाज ऐकू येतात" हे मी इंग्रजी हिंदीत कसं सांगणार. पलीकडच्या बाईंनी पंधरावीस मिनिटं ऐकून घेतलं, तो स्वतःला काही करेल असं वाटतंय का ते स्पष्ट विचारलं, आणि म्हणल्या, तुमच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार तज्ज्ञ असतात, उद्या परवाच घेऊन जा, वाट बघू नका. हे इतकं साधं वाक्य ऐकायला सात महिने लागले.

आता खरा रिव्ह्यू.

आमच्या गावापासून ५२ किलोमीटर, एसटीनं दीड तास. आईला तर लांब आहे तेच बरं वाटलं, म्हणली तिथं ओळखीचं कोणी भेटणार नाही. केस पेपरची खिडकी साडेआठला उघडते, नऊच्या आत पोचलात तर बारापर्यंत मोकळे होता, उशीर झाला तर दिवस गेला. पैसे लागत नाहीत, १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या सरकारी दवाखान्यात केस पेपरलासुद्धा पैसे नाहीत आणि गोळ्या तिथंच मिळतात. आधार कार्ड आणि जुने कागद असतील ते घेऊन जा.

खोली नंबर १७ पहिल्या मजल्यावर. दाराच्या वर फ्लेक्सचा बोर्ड आहे, "मानसिक आरोग्य विभाग". त्या फ्लेक्सचा एक कोपरा सुटलाय आणि खालचा जुना रंगवलेला बोर्ड दिसतो, त्यावर "मनोरु" एवढीच अक्षरं वाचता येतात. पहिल्या दिवशी आई त्या कोपऱ्याकडंच बघत बसली होती. पण एक गोष्ट ज्यानं कोणी ठरवली असेल त्याचे मनापासून आभार, ती म्हणजे १७ च्या शेजारीच १६ नंबरला बीपी शुगरची ओपीडी आहे आणि बसायचे बाक दोन्हीला एकच. तिथं बसलेला माणूस कशासाठी बसलाय हे बघून कळत नाही. आई पहिले तीन महिने कोणी विचारलं की "शुगर दाखवायला आलेय" म्हणायची आणि ते कोणाला खोटं वाटायचं नाही. पंख्याखाली सगळे सारखेच, कोणाची शुगर वाढलीय, कोणाची झोप गेलीय, कोणाला दारू सोडायचीय. या विभागासाठी आवाराच्या टोकाला वेगळी इमारत बांधली असती ना, तर आम्ही गेटातूनच परत फिरलो असतो, हे मी अगदी खात्रीनं सांगते.

पहिल्या दिवशी आत सोशल वर्कर मॅडम होत्या. आम्ही तिघंही एकदम बोलायला लागलो, हा असं करतो, हा तसं करतो, त्यांनी हात करून थांबवलं आणि खुर्ची भावाकडं वळवून घेतली आणि विचारलं, "दादा, तुला काय त्रास होतोय? तू सांग". इतक्या महिन्यात त्याला हे कोणी विचारलंच नव्हतं. देवऋषी आम्हाला विचारायचा, पाहुणे आम्हाला विचारायचे, आम्ही एकमेकांना विचारायचो. तो बराच वेळ गप्प बसला, मग म्हणला, "झोपू देत नाहीत". कोण, ते त्यांनी विचारलं, आणि तो सांगायला लागला. मी सख्खी बहीण, पण त्यातलं निम्मं मला पहिल्यांदा कळत होतं. त्याला दिवसरात्र शिव्या ऐकू यायच्या. पोरगा सात महिने शिव्या ऐकत होता आणि आम्ही त्याला म्हणत होतो नाटकं करू नको.

मग डॉक्टर. डॉक्टर फार बोलत नाहीत, रांगच तेवढी असते, पण दुसऱ्या भेटीत त्यांनी आजाराचं नाव स्पष्ट घेतलं, स्किझोफ्रेनिया. याआधी शहरातल्या एका खाजगी दवाखान्यात एकदा दाखवलं होतं तिथं सात गोळ्या दिल्या पण झालंय काय ते सांगितलं नाही, फक्त "नर्व्हस वीकनेस" म्हणले, बहुतेक आम्ही घाबरू म्हणून. उलट नाव न कळल्यामुळंच आम्ही जास्त घाबरलो होतो. इथं भावानं सरळ विचारलं, मी येडा झालोय का. डॉक्टर म्हणले, नाही, तुला आजार झालाय, शंभरात एखाद्याला आयुष्यात कधीतरी होतो आणि साधारण तुझ्याच वयात सुरू होतो, मेंदूत डोपामिन नावाचं रसायन असतं त्याचा तोल गेला की नसलेले आवाज खरे वाटतात, गोळ्यांनी तो तोल सावरतो. तुझ्या आईला बीपीची गोळी रोज लागते ना, तशी तुला काही काळ ही लागेल. तीन वाक्यात संपलं. एसटीत येताना भाऊ खिडकीतून बाहेर बघत म्हणला, म्हणजे तो आवाज माझ्याच डोक्यातला आहे. अण्णांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, काही बोलले नाहीत.

गोळ्यांबद्दल थोडं लिहिते कारण खरी भीती तिथंच असते. रिस्पेरिडोन सुरू झालं. तिसऱ्या आठवड्यात आवाज कमी व्हायला लागले पण अंग आखडल्यासारखं झालं, हात थरथरायचे, चालताना हात हलायचे नाहीत. गल्लीतल्या एकाने लगेच सांगितलं बघा, गोळ्यांनी पोरगा लाकूड झाला. आम्ही घाबरून गेलो तर सिस्टर म्हणल्या हा गोळीचाच परिणाम आहे, होतो, बरं झालं लगेच आलात, डॉक्टरांनी डोस कमी केला आणि थरथरीसाठी दुसरी गोळी जोडली, दहा दिवसात फरक पडला. वजन आठ किलोनं वाढलंय, भरतीचं पोरगं, त्याला त्याचा फार त्रास होतो, ते खरं आहे. दर काही महिन्यांनी शेजारच्या १६ नंबरलाच त्याची शुगर तपासतात.

पाचव्या महिन्यात चूक झाली. तो बरा दिसायला लागला, ग्राउंडला चालायला जायला लागला, आणि चुलतभाऊ म्हणला ह्या झोपेच्या गोळ्या असतात, सवय लागते, कधीपर्यंत खाणार. यानं बंद केल्या. आम्हाला सांगितलंही नाही, स्ट्रिपमधून गोळी काढून खिशात ठेवायचा. पाच आठवड्यात परत टीव्हीवर चादर आली. तारीख चुकली म्हणून १७ नंबरच्या सिस्टरांचा फोन आला, म्हणून कळलं तरी. मला वाटलं आता ओरडतील, पण मॅडमनी त्यालाच विचारलं का बंद केल्या, त्यानं खरं कारण सांगितलं, आणि ते चुलतभावाचं नव्हतंच. तो म्हणला, "मित्र आले की आई डबा लपवते. लपवून खायची गोळी म्हणजे मी काहीतरी वाईट खातोय असंच वाटतं".

हे ऐकून आई रडली. आईनं त्याच्या स्ट्रिपा स्वतःच्या बीपीच्या गोळ्यांच्या डब्यात तळाला ठेवल्या होत्या, वरून तिच्या. केस पेपरची घडी अशी घालायची की विभागाचा शिक्का आत जाईल. ती घडी इतक्या वेळा घातली की कागद तिथंच फाटलाय, शिक्क्यातून. तिला कोणी शिकवलं नव्हतं, तिला वाटत होतं ती पोराची अब्रू राखतेय. त्या दिवशी मॅडमनी आईला काहीच लेक्चर दिलं नाही, फक्त नवीन केस पेपर करून दिला आणि प्लॅस्टिकचं पाकीट दिलं, घडी न घालता ठेवायला. आणि सवयीबद्दल म्हणल्या की या गोळ्यांची दारूसारखी चटक लागत नाही, पण मनानं बंद केल्या तर आजार परत डोकं वर काढतो, कमी करायच्या तर डॉक्टरांना विचारून हळूहळू. रोज गोळी नको असेल तर महिन्यातून एकदोनदा घ्यायचं इंजेक्शनपण असतं हे सांगितलं. भाऊ नको म्हणला, तर कोणी जबरदस्ती केली नाही. आता डबा त्याचा वेगळा आहे, टीव्हीशेजारी असतो.

मला सगळ्यात जास्त काय विचारतात, तर धाकट्या बहिणीच्या लग्नाचं. घरात तीच राहिलीय लग्नाची. आईनं मॅडमना विचारलं स्थळ आलं तर सांगायचं का. त्या म्हणल्या तो निर्णय तुमच्या घराचा आणि त्यात पोराचीपण परवानगी घ्या, पण एक हिशोब लक्षात ठेवा, सख्ख्या भावाला असला तर बहिणीला व्हायची शक्यता शंभरात साधारण नऊ दहा, म्हणजे शंभरातल्या नव्वद जणींना होत नाही, हे समोरच्यांना सांगता येतं. आम्ही सांगायचं ठरवलं. एक स्थळ ऐकून परत गेलं. दुसऱ्यांनी मुलाच्या काकाला घरी पाठवलं भावाला "बघायला", तो काका अर्धा तास त्याच्याशी क्रिकेटवर बोलला आणि चहा पिऊन गेला, नंतर कळवलं नाही. तिसरं अजून आलेलं नाही. बहीण म्हणते लपवून केलं असतं तर सासरी मी रोज भावाचा फोन आला की घाबरले असते. दुःख होतंच, मी काही लपवत नाही, पण घरातली कुजबुज बंद झालीय.

आता तक्रारी. चार आहेत आणि सगळ्या मनापासून आहेत.

एक तर दार. आतलं दार बंद करत नाहीत. पेशंट बोलत असतो आणि पाठीमागं पुढचे चार नंबर उभे, केस पेपर पुढं करून. बीपी सांगताना चालेल, पण "मला मरावंसं वाटतं" हे कोण सांगणार चार लोकांसमोर. माझ्यासमोर एक बारावीची पोरगी आत गेली आणि "डोकं दुखतं" एवढंच सांगून गोळी घेऊन बाहेर आली, तिचे डोळे सांगत होते की डोकं दुखत नाहीये. २०१७ च्या कायद्यात कलम २३ मध्ये गोपनीयतेचा हक्क दिलाय. हे मी तक्रारवहीत लिहून आले, दोनदा. दुसऱ्यांदा लिहिल्यावर पडदा लागला. पडद्यातून आवाज येतोच.

दुसरं, एका महिन्यात थरथरीची गोळी संपली होती, बाहेरून घ्या म्हणले. आम्ही घेतली, पण शेजारी बसलेल्या म्हाताऱ्यांकडं परतीच्या तिकिटाचेच पैसे होते. तिसरं, डॉक्टर एकच. ते रजेवर असले की गोळ्या रिपीट होतात, बोलणं होत नाही. अख्ख्या जिल्ह्याला एक माणूस कसा पुरणार. २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात शंभरातल्या दहा जणांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता असं निघालं होतं, आमच्या एकट्या तालुक्याचा हिशोब केला तरी बाक पुरणार नाहीत.

चौथं म्हणजे खालच्या गेटवरचा सिक्युरिटीवाला. आईनं सतरा नंबर कुठं विचारलं तर जोरात म्हणला, "येड्यांचं खातं का? वर जा". सगळ्या रांगेनं वळून बघितलं. आई तिथंच थांबली, पाय उचलेना. भाऊच पुढं झाला आणि तिचा हात धरून जिना चढला. मी वर मॅडमना सांगितलं, त्यांनी फोन केला, पुढच्या महिन्यात तोच माणूस "पहिला मजला, उजवीकडं" म्हणला. डॉक्टर आणि गोळ्या कितीही चांगल्या असू द्या, दवाखान्यातला पहिला माणूस गेटवरचा असतो, ट्रेनिंग त्यालापण द्या.

आणि हो, माराबिराची भीती वाटते म्हणून कोणी येत नसेल तर, दीड वर्षात त्या बाकावर मी एकदाही मारामारी बघितली नाही. मार खाऊन आलेले पेशंट मात्र बघितले, घरच्यांचा, भगताचा. एका पोराच्या पाठीवर चटके होते. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून आहे राज्यात, तरी चटके देणारा गावात उजळ माथ्यानं फिरतो आणि चटके खाणारा तोंड लपवून एसटीत बसतो.

शेवटी ती गोष्ट सांगते जी मला खरं तर पहिल्यांदा सांगायची होती. दुसऱ्या का तिसऱ्या महिन्यात आम्ही बाकावर बसलो होतो आणि जिन्यावरून आमच्या गल्लीतल्या काकू वर आल्या. समोरच्या घरातल्या. ज्यांना आईनं कावीळ सांगितली होती त्याच. सोबत त्यांचा मोठा मुलगा. ५२ किलोमीटर लांब, आणि भेटलं कोण तर समोरचं घर. आईनं पदर पुढं ओढला, काकूंनी मान फिरवली, दोघी एकाच बाकाच्या दोन टोकाला दोन तास बसल्या, एकमेकींकडं न बघता. घरी आल्यावरपण कोणी विषय काढला नाही. पुढच्या महिन्यात एसटी उशिरा आली, आम्ही साडेदहाला पोचलो, म्हणलं आज काही नंबर लागत नाही. तर काकू बाकावरून उठून उभ्या, शेजारच्या जागेवर त्यांची पिशवी ठेवलेली, आईला म्हणल्या, "या ओ वैनी, तुमचा नंबर धरून ठेवलाय मामांना सांगून".

तेव्हापासून दोघी एकाच गाडीनं जातात. मी चाकणहून दर वेळी येत नाही आता, गरज पडत नाही. भावानं मागच्या महिन्यात एका मोबाईल दुकानात अर्धवेळ काम धरलंय, मालकाला महिन्यातून एक दिवस सुट्टी मागताना "जिल्ह्याला १७ नंबरला जायचंय, गोळ्या चालू आहेत" असं सांगितलं. मालकानं कसल्या ते विचारलं, यानं सांगितलं. सुट्टी मिळाली.

हे सगळं वाचून दाखवल्यावर भावाला विचारलं किती स्टार देऊ. म्हणला चार दे. दार बंद करायला लागले की पाचवा दे.